न पाळलेलं मांजर

आमच्या घरी मांजर पाळलेलं नव्हतं. नऊ वर्षं ते आमच्या जिन्यात निजत होतं, गच्चीवरच्या कुंड्यांमधून हिंडत होतं, सकाळी दूध तापत ठेवलं की ओट्याखाली येऊन बसत होतं. पण पाळलेलं नव्हतं. आल्यागेल्यानं "मांजर तुमचं का हो?" असं विचारलं, की सासूबाई ठरलेलं उत्तर द्यायच्या, "आमचं कसलं? राहतंय आपलं."

असं म्हणण्याला कारण होतं. आपल्या श्रावकाचारात मांजरासारखे शिकारी जीव पाळणं हा अनर्थदंड मानलाय. ज्याचं पोट दुसऱ्याच्या जिवावर भरतं त्याला आपण हौसेनं पोसायचं, म्हणजे त्याच्या शिकारीत आपलाही वाटा आलाच. सासूबाईंना हे लहानपणापासून पाठ. म्हणून मांजराला वेगळी थाळी नव्हती, गळ्यात पट्टा नव्हता. एका टवका उडालेल्या बशीत सकाळी दूध आणि पोळीचा कुस्करा, सूर्यास्तानंतर बशी पालथी. रात्री ती कुठं जाते, काय खाते, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं नाही, असंच ठरल्यासारखं होतं.

नाव मात्र होतं, तेही आम्ही ठेवलेलं नव्हे. आमच्याकडे काम करणाऱ्या अम्मा तिला "पिल्ली, पिल्ली" करून हाक मारायच्या. मला वाटायचं, किती माया आहे हिला, पिल्लू म्हणून बोलावते. दोनेक वर्षांनी कळलं, की तेलुगूत मांजरालाच पिल्ली म्हणतात. अम्मा बिचाऱ्या नुसतं "मांजर, मांजर" म्हणत होत्या. पण तोवर नाव बसून गेलं होतं.

कोठीतलं आमचं घर जुनं. बडी चावडीच्या आतल्या गल्लीत, खाली दोन खोल्या, वर तीन आणि त्याच्यावर गच्ची. ज्या रेसिडेन्सीमुळे या भागाला कोठी हे नाव पडलं, तिच्या आवारात मोठमोठी झाडं आहेत. इंग्रज रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ती हवेली पुढे मुलींचं कॉलेज झाली. आमच्या गल्लीत मात्र हातभर माती नाही. म्हणून माझी सगळी बाग गच्चीवर, कुंड्यांत. नेकलेस रोडला नर्सरीचा मेळा भरला, की मी दोन पिशव्या घेऊन जायची आणि चार भरून आणायची. तिकडे गोदावरीकाठच्या कडियमहून झाडांचे ट्रकच्या ट्रक येतात. हिरवंगार, चकचकीत पान दिसलं की माझा हात पुढे जायचा. चाळीस-बेचाळीस कुंड्या झाल्या होत्या. शेजारच्या बाया म्हणायच्या, "तुमची गच्ची म्हणजे नंदनवन." मला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी आमच्या धाकट्या जाऊबाईंनी दसलक्षणात दहाचे दहा उपवास केले. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत घर कसं भारलेलं होतं. रोज मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय, दहा दिवसांत दहा. पौर्णिमेला सकाळी पारणं. सगळे नातेवाईक जमले, ह्यांच्या ट्रूप बाजारच्या दुकानातले व्यापारी मित्रही आले. कुणी श्रीफळ आणलं, कुणी शाल. एकांनी भला मोठा पुष्पगुच्छ आणला. गुलाबी-पांढरी, हाताच्या पंजाएवढी फुलं, वास असा की जिन्यातून कळावं. लिली.

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "एवढी फुलं तोडायची कशाला? त्यापेक्षा एक नारळ आणला असता तर देवापुढं ठेवता आला असता." पण मला तो गुच्छ फार आवडला. मी पितळेची मोठी फुलदाणी घासून काढली, पाणी घातलं, आणि गुच्छ बैठकीच्या खोलीत, जाऊबाईंच्या खुर्चीशेजारी ठेवला. फोटोत छान दिसला. पिल्लीही त्या फोटोत आहे. फुलांच्या खाली बसलीय, मान वर करून. तिच्या कपाळावर आणि नाकावर केशरी डाग आहे. सगळे हसले होते. "बघा, हिनंसुद्धा गंध लावून घेतलंय." माझ्या पुतण्यानं तो फोटो मोठा करून घेतला.

त्या रात्री पिल्लीनं दोनदा उलटी केली. मांजरं उलटी करतातच. अम्मांनी फरशी पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. सकाळी मंदिर, मग घरोघरी जाणं-येणं, फोन. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं मी त्या दिवशी निदान शंभर जणांना म्हटलं असेन. पिल्ली जिन्यात बसून होती. जरा गप्प होती, पण उलटी थांबली होती. मला वाटलं, बरी आहे. फुलदाणीतलं पाणी मी रोज बदलत होते. पिल्लीला त्या फुलदाणीत जीभ घालून पाणी प्यायची सवय होती, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवसापासून तिनं दुधाला तोंड लावलं नाही. पाण्यालाही नाही. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली. चौथ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "डॉक्टरला दाखवायचं का?" हे म्हणाले, "मांजराला? आणि आपण काय पाळलंय का ते?" मी पुढं काही बोलले नाही. सासूबाई काठी टेकत जिन्यापाशी आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आहारपाणी सोडलंय तिनं. जिवाला कळतं बघ आपली वेळ आलेली. तिला त्रास देऊ नका. णमोकार म्हणा."

मग आम्ही णमोकार म्हटला. जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो कुत्रा यक्ष झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. माझ्या डोळ्यांसमोर तीच गोष्ट होती. मी तिच्या कानाशी वाकून एकशे आठ वेळा म्हटला. जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, दहा उपवासांनी उतरलेल्या चेहऱ्यानं. आम्हाला दोघींना रडू आलं, पण ते रडू वाईट नव्हतं. काहीतरी पवित्र घडतंय असं वाटत होतं. पर्युषण आटोपल्यावर, क्षमावाणी झाल्यावर, एका मांजरीनं अन्नपाणी सोडावं! पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. पुढे दिवाळीपर्यंत मी ही गोष्ट येईल त्याला सांगत होते. मंडळाच्या स्वाध्यायातसुद्धा सांगितली. बायका हात जोडायच्या.

दिवाळीला माझी भाची आली. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिलाही मी गोष्ट सांगितली आणि पुतण्यानं मोठा केलेला तो फोटो दाखवला. ती फोटो हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे केशर नाही. गंधही नाही. हे लिलीचे पराग आहेत."

"मग?"

"उलटी केव्हा झाली पहिल्यांदा?"

मी सांगितलं. पारण्याच्या दिवशीच, रात्री. ती बोटांवर तास मोजायला लागली. नंतर मोजायचं थांबली.

त्या संध्याकाळी तिनं मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. तेच इथं लिहिते, कारण ज्यांच्या घरात मांजर आहे, पाळलेलं किंवा न पाळलेलं, त्यांना ते ठाऊक असायला हवं.

गुच्छात येते ती खरी लिली आणि बागेत लावतात ती डे-लिली, या दोन्ही मांजराच्या मूत्रपिंडाच्या वैरी आहेत. पान, पाकळी, देठ, कंद, पराग, सगळंच विषारी, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. एखाददुसरं पान चघळलं, किंवा अंगाला लागलेले पराग चाटून घेतले, तेवढ्यानं भागतं. आणि मांजर अंग चाटल्याशिवाय राहत नाही. तेच त्याचं स्नान. पहिल्या काही तासांत उलटी होते, लाळ गळते. मग उलटी थांबते आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. आत मूत्रपिंड मरत असतं. एक ते तीन दिवसांत ते काम करणं सोडतं. मग मांजर खात नाही, पीत नाही, कोपरा धरून बसतं. पहिल्या अठरा तासांच्या आत दवाखान्यात नेऊन सलाइन सुरू केलं आणि दोन-तीन दिवस चालू ठेवलं, तर बरीच मांजरं वाचतात. लघवी बंद झाल्यावर नेलं तर फारसं काही हातात राहत नाही. कुत्र्यानं हीच लिली खाल्ली तर पोट बिघडण्यावर भागतं. मूत्रपिंड जातं ते मांजराचंच. त्यातलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते शास्त्रज्ञांनाही अजून नक्की सापडलेलं नाही.

म्हणजे पिल्लीनं आहार सोडला नव्हता. तिला मळमळत होतं. तिला तहान लागली असेल आणि पाणी पिववत नसेल. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती ते विरक्तीनं नव्हे. आणि सल्लेखना म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. ती समजून-उमजून, आपल्या संमतीनं घ्यायची असते. मी मात्र एका विषबाधा झालेल्या जिवाला व्रती ठरवून मोकळी झाले होते. णमोकार म्हटल्याचं मला दुःख नाही, तो मी आजही म्हणेन. पण पिशवीत घालून डॉक्टरकडे नेता नेता रिक्षातही तो म्हणता आला असता.

"मावशी, तुला माहीत नव्हतं," भाची म्हणाली. हे खरं होतं, पण माझं समाधान झालं नाही. ज्या पर्युषणात हे घडलं, त्याच पर्युषणात सातव्या दिवशी मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकला होता. त्यात हिंसेची व्याख्या आहे. नुसतं जीव घेणं म्हणजे हिंसा, असं तिथं म्हटलेलं नाही; प्रमादानं, बेसावधपणानं जीव घेणं म्हणजे हिंसा. मी हे वीस-पंचवीस वर्षं ऐकतेय. प्रमाद म्हणजे पाणी न गाळणं, चूल न झाडता पेटवणं, धान्य न निवडणं, एवढंच मी धरून चालले होते. स्वयंपाकघरात मी फार सावध होते. बैठकीच्या खोलीत फुलदाणी ठेवताना मी कुणाचाही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला मी गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "आता एकेक कुंडी दाखवते, तू सांग."

पहिलं निघालं मनीप्लँट. मग डिफेनबाकिया, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, पीस लिली. ही सगळी एका कुळातली, अळूच्या. भाची म्हणाली, "मावशी, अळू खाजतो तो कशानं?" ते तर आपल्या प्रत्येकीला माहीत आहे. चिंच कमी पडली की घसा धरतो. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. मनीप्लँट आणि डिफेनबाकियात तेच. मांजरानं पान चावलं की या सुया जिभेत, हिरड्यांत, घशात रुततात; लाळ गळते, तोंड सुजतं, गिळता येत नाही. जीव सहसा जात नाही, पण हाल होतात. पीस लिली ही नावाची लिली, ती मूत्रपिंडाला हात लावत नाही. पण तोंड मात्र असंच जाळते. नावावर जाऊ नका, असं भाचीनं दोनदा सांगितलं. आपल्याकडे पांढरं लांब फूल दिसलं की त्याला लिली म्हणायची रीत आहे. त्यातली कोणती निरुपद्रवी, कोणती जीवघेणी, हे नावावरून कळत नाही. विकणाऱ्याला झाडाचं पूर्ण नाव विचारायचं.

मग कण्हेर. ही सासूबाईंनी लावलेली, लाल फुलांची, देवपूजेची. कण्हेर विषारी हे कोण जाणत नाही? म्हणूनच महामार्गांच्या मधल्या पट्ट्यात लावतात, गुरं तोंड घालत नाहीत. तिच्यातलं विष थेट हृदयावर जातं, ठोके विस्कटतात. पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो, तिचंही तेच. आणि हल्ली ज्याच्या मागे सगळे लागलेत ते जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं ॲडेनियमही याच कुळातलं. माझ्याकडे त्याच्या तीन कुंड्या होत्या. पानफुटी आणि बाजारात मिळणारा रंगीत कलांचो, ही एकाच घरातली भावंडं. त्यांचाही मारा हृदयावरच. सदाफुलीही नको. तिच्यातल्या द्रव्यांपासून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बनतं, पण औषध होण्याइतकं ज्याच्यात बळ आहे ते चघळायला चांगलं नाही. कोरफडीनं मांजराला उलट्या-जुलाब होतात. आपण तिचा गर तोंडाला लावतो म्हणून ती सगळ्यांना सोसते असं नाही. बंगल्यांच्या फाटकापाशी दोन बाजूंना लावतात ते सायकस यकृत निकामी करतं, त्याच्या बिया तर सगळ्यांत वाईट. कळलावी, धोतरा, एरंड, गुंज यांची नावं आजीच्या वेळेपासून विषाच्या यादीत आहेतच.

मी मध्येच विचारलं, "अगं, मग मांजरालाच एवढं सगळं कसं बाधतं?" ती म्हणाली, की मांजराचं शरीर मांसावर जगण्यासाठी घडलेलं आहे. झाडपाल्यातली नाना द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची जी व्यवस्था आपल्या यकृतात असते, तिचा एक भाग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आपण ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते, ती याचमुळे. हे ऐकून मी गप्प झाले. तिचं मांस खाणं तेवढं आम्हाला नऊ वर्षं खुपत होतं. ते का, आणि त्यापायी ती किती उघडी पडली आहे, हे बघायला आम्ही गेलोच नव्हतो.

ती म्हणाली, "एका बाबतीत मात्र तुमचं घर चांगलं. कांदा-लसूण नाही." कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असो, वाटलेला असो, पूड असो. मला क्षणभर बरं वाटलं. पण लगेच लक्षात आलं, की आपण कांदा-लसूण सोडला तो काही मांजरासाठी नव्हे. त्यामुळे पिल्ली एका विषापासून वाचली तो निव्वळ योगायोग. योगायोगाचं पुण्य आपल्या खात्यावर कसं मांडायचं?

आता प्रश्न आला त्या कुंड्यांचा. पिल्ली तर गेली होती. पण गच्चीवर मांजरं येतातच. मी तिरीमिरीनं म्हटलं, उद्या सगळं उपटून टाकते. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "का? त्या झाडांनी कुणाला बोलावलं होतं का खायला? त्यांच्यात जीव नाही?"

बरोबर होतं. वनस्पतीही जीवच, एकेंद्रिय का होईना. एका जिवाच्या मृत्यूचं प्रायश्चित्त म्हणून चाळीस जीव उपटायचे, हा कुठला न्याय? बरं, कुणाला देऊन टाकाव्यात, तर तिथंही अडचण. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितलेत, त्यात हिंसादान आहे. कुऱ्हाड, तलवार, अग्नी, विष यांसारख्या वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. मी हसतमुखानं शेजारणीला कण्हेरीची कुंडी देणार, आणि तिच्याकडचं मांजर किंवा रांगतं नातवंड ती चघळणार. पुष्पगुच्छ आणणाऱ्या त्या भल्या माणसानं तरी वेगळं काय केलं होतं? त्यांना माहीत नव्हतं. मला आता माहीत होतं. त्यांच्यात आणि माझ्यात एवढाच फरक होता, आणि तो लहान नव्हता.

शेवटी वाट निघाली ती अशी. डिफेनबाकिया आणि मॉन्स्टेरा ह्यांच्या दुकानात गेले. दुकान रात्री शटर लावून बंद, आत मांजर शिरत नाही. मनीप्लँट उंच टांगावं म्हटलं तर भाची हसली. "मांजराला उंची काही नाही, मावशी." म्हणून तोही दुकानात. ॲडेनियम एका मैत्रिणीला दिली. तिच्या घरी ना मूल ना जनावर, तरी कुंडीला जाड पुठ्ठा बांधला आणि त्यावर मराठी, हिंदी दोन्हीत लिहिलं, "पान, फूल, चीक, सगळं विषारी. मुलं आणि मांजर-कुत्री यांपासून दूर ठेवा." ती म्हणाली, "एवढी भीती घालून कुणी भेट देतं का?" मी म्हटलं, "अशीच देणार." राहिली कण्हेर. ती सासूबाईंची. तिला गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागं ठेवलं आणि चारी बाजूंनी, वरूनही, बारीक जाळी मारून घेतली. गल्लीतली पोरं बघायला आली. मांजरासाठी पिंजरा असतो हे त्यांना ठाऊक होतं. इथं झाडालाच पिंजरा होता.

रिकाम्या जागी मोगरा, जाई, गुलाब, अरेका पाम आणि स्पायडर प्लँट आणली. ही मांजराला बाधत नाहीत. एका पसरट कुंडीत हरळी लावली. मांजरांना गवताचं पातं चावायची ओढ असतेच. ती भागली की ती दुसऱ्या पानांकडे कमी वळतात. आणि स्वयंपाकघराच्या दाराआड, जिथं गवळ्याचा हिशेब लिहिते त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, की मांजरानं नको ते खाल्लं तर काय करायचं. लक्षणांची वाट बघायची नाही. अंगाला पराग लागले असतील तर ओल्या फडक्यानं लगेच पुसायचे, चाटू द्यायचं नाही. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, त्यानंच जीव जाऊ शकतो. दूध हा काही उतारा नव्हे. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा फोटो बरोबर घ्यायचा आणि तासाभरात डॉक्टर गाठायचा. खाली त्यांचा फोन नंबर.

मंडळाच्या स्वाध्यायात मी पुन्हा उभी राहिले आणि सांगितलं, की मागं मी तुम्हाला जी पिल्लीची गोष्ट सांगितली ती चुकीची होती. खरी अशी आहे. हे सांगणं मला वाटलं होतं त्याहून जड गेलं. दोन-तीन जणी नाराज झाल्या. एक वयस्क बाई म्हणाल्या, "पहिलीच गोष्ट बरी होती." मलाही ती बरी वाटली असती. पण त्याच दिवशी एकीनं घरी जाऊन बैठकीतला गुच्छ बाहेर नेऊन ठेवला. तिच्याकडे दोन मांजरं आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यात एक भुरकट पिल्लू येऊन राहिलं. कुणी आणलं नाही, कुणी घालवलं नाही. अम्मांनी त्यालाही पिल्लीच म्हणायला सुरुवात केली. टवका उडालेली बशी पुन्हा खाली आली. ह्यांनी एकदा न बोलता त्याला पिशवीत घालून डॉक्टरकडे नेऊन आणलं, लस टोचून.

त्या भाद्रपदात सासूबाईंनी रत्नत्रयाचे तीन उपवास केले. वय एक्याऐंशी. पारण्याच्या सकाळी त्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला वाटलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना भेटायला बसल्यात. एक मुलगा दुकानातून गुच्छ घेऊन आला, ह्यांच्या कुठल्याशा मित्रानं पाठवलेला. त्यांनी चष्मा सारखा केला, हात आडवा घातला आणि विचारलं, "इसमें लिली है क्या, बाबा?"

"हौ अम्माजी," तो खुशीत म्हणाला, "सब से महंगी वाली."

"तो वापस लेके जा. हमारे घर में बिल्ली है."